जुनं लाकूड, जुनं फर्निचर: नागपूरच्या हवेत काम कोणत्या क्रमाने करायचं

खुर्ची घासून झालेली असते, पॉलिशचे तीन हात मारून चकाचक झालेली असते, आणि बसलं की कुरकुरते. मग सांधा खोलावा लागतो, सांधा खोलताना पॉलिश उडतं, डिंकाचे ओघळ नव्या पॉलिशवर येतात. शेवटी माणूस वैतागून सांध्यात तीन इंची खिळा ठोकतो. अशा खुर्च्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता कोणी 'जरा बघता का' म्हटलं, तर मी पहिल्यांदा खिळाच शोधतो.

बहुतेकांच्या हातात कसब पुरेसं असतं. चुकतो तो क्रम. पॉलिश दिसतं म्हणून ते आधी सुचतं, आणि सांधा दिसत नाही म्हणून राहून जातो. त्यात आपल्या नागपूरची हवा. मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. पुस्तकात वाचलेली पद्धत इथे तशीच्या तशी वापरली तर मेमध्ये बसवलेली फळी ऑगस्टमध्ये फुगून चौकट उचकटते. पुढचे टप्पे म्हणूनच जसे दिलेत त्याच ओळीने घ्या. मधला एखादा गाळला तर त्याचा हिशेब पुढे कुठेतरी द्यावा लागतोच.

## १. आधी बघा: वस्तू दुरुस्तीच्या लायकीची आहे का

वस्तू उन्हात, उजेडात आणा आणि उलटी करा. वरून सगळ्याच जुन्या वस्तू छान दिसतात, खरं काय ते खालून कळतं. फरशीला टेकणारी पायाची टोकं, मागच्या फळ्या, ड्रॉवरचे तळ आणि भिंतीला लागून राहिलेली बाजू बघा. पेचकसचं टोक अंगठ्याने दाबा. चांगल्या सागवानात ते जेमतेम टोचतं, सडलेल्या किंवा पोखरलेल्या लाकडात सहज आत जातं.

भुश्याच्या बोर्डाचं, म्हणजे पार्टिकल बोर्डाचं कपाट पाण्याने फुगलं असेल तर त्यावर वेळ घालवू नका. फुगलेला बोर्ड परत बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. भरीव लाकडाची खुर्ची मात्र चारही सांध्यांनी खिळखिळी झाली असली तरी बिनधास्त घ्या. सगळे सांधे सुटलेली खुर्ची दुरुस्त करायला उलट सोपी असते. तीन सांधे घट्ट आणि एक ढिला असेल तर खरी कसरत.

जुना ऑइल पेंट असेल तर थांबा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असंच धरून चाला.

सावधान: जुना रंग कोरडा घासू नका आणि मशीनने तर नाहीच. पाणी मारून ओला ठेवा, पत्र्याच्या स्क्रेपरने खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा आणि खरवड त्यातच गुंडाळून टाका. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर हे काम घरात करूच नका.

## २. लाकूड कुठून आणायचं आणि मोजायचं कसं

नागपूरच्या महाल, इतवारी या भागांतले जुने वाडे पाडले जातात तेव्हा चौकटी, तुळया, दारं निघतात. लकडगंज लाकडाचं म्हणून ओळखलं जातं, तिथे आणि शहरभरच्या भंगारवाल्यांकडे हा माल फिरत असतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतून पाइनचे पॅलेट बाहेर पडतात. हलकं सामान, रॅक, कुंड्यांचे स्टँड याला ते चांगले.

पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि खाली अक्षरं डागलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलंय, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते नको. काहीच छाप नसेल आणि लाकडाला तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील तर तेही नको.

घेताना भाव घनफुटावर सांगतात. हिशेब सोपा आहे: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. चार बाय तीनची सात फुटी चौकट म्हणजे ८४ भागिले १४४, साधारण ०.५८ घनफूट. फसगत इथेच होते. मोजणारा टोकापासून टोकापर्यंत टेप लावतो, पण चौकटीचं खालचं टोक ओलीने कुजलेलं असतं, बिजागऱ्यांच्या आणि कडीच्या खाचा असतात. ते सोडून कामाचं किती उरतं तेवढ्यावर घासाघीस करा. आणि पावती घ्या. सागवान गाडीवर टाकून नेताना कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

सागवान ओळखायचं तर रंध्याचा एक हात मारून वास घ्या, तेलकट, जुन्या चामड्यासारखा येतो. बिजा या झाडाच्या लाकडाची ढलपी रात्रभर पाण्यात ठेवली की पाण्याला निळसर झाक येते. आंबा हलका असतो, त्याला कीड लवकर लागते. पॉलिश केलेला असला की मात्र चांगल्या-चांगल्यांना फसवतो.

सावधान: रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घरात आणू नका. त्यांत क्रिओसोट हे डांबरी तेल मुरलेलं असतं. उन्हाळ्यात वास सुटतो, हाताला लागतं, आणि उरलेले तुकडे जाळले तर धूर विषारी.

## ३. खिळे: एकही ठेवायचा नाही

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक उरकतात. मीही उरकला होता. वाड्याची एक तुळई चिरायला आरा मशीनवर नेली. दिसणारे सगळे खिळे काढले होते, असं माझं मत होतं. पातं अर्ध्या तुळईपर्यंत गेलं आणि कर्रकन आवाज होऊन ठिणग्या उडाल्या. आत डोकं तुटलेला लोखंडी खिळा होता, वरून रंगाने बुजलेला. पात्याचे दात गेले, त्याचे पैसे मी भरले, आणि मिस्त्री एवढंच म्हणाला, "साहेब, लोहचुंबक फिरवलं असतं तं इतकं झालंच नसतं ना."

तेव्हापासून माझा नेम असा आहे. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून लाकडापासून जेमतेम वर टांगतं धरायचं आणि चारही बाजूंनी सावकाश फिरवायचं. जिथे ते ओढलं जातं तिथे खडूने गोल. मग खिळा काढायचा. डोकं असेल तर जंबुराने, आणि जंबुराखाली लाकडाची पट्टी ठेवून, नाहीतर लाकडावर अर्धचंद्राचा खड्डा पडतो. डोकं तुटलं असेल तर मागून पंचने ठोकून पुढे काढा. गंजून रुतला असेल तर आधी हातोडीने हलकेच आत ठोका. गंजाची पकड सुटते, मग ओढायला सोपा जातो. काहीच जमलं नाही तर त्याच्या भोवती छोटं ड्रिल फिरवून लाकूड पोकळ करा आणि पकडीने उपटा. भोक नंतर लाकडी खुंटीने बुजवता येतं.

चुंबकाला पितळ कळत नाही. जुन्या दारांवर पितळी फुलं, चुका (छोटे खिळे) असतात, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

तपासा: सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी, चुंबक पुन्हा एकदा फिरवा. दर वेळी एखादा तरी सापडतो.

लोखंडाभोवती लाकूड काळं पडलं असेल तर तो लाकडातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा डाग आहे. घासून जात नाही, खोल असतो. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं की उतरतो. हातमोजे, चष्मा हवा, आणि नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं. बिजा आणि बाभळीत हा डाग सागवानापेक्षा जास्त गडद दिसतो.

## ४. कीड

बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी म्हणजे घुण. मातीचे बोगदे म्हणजे वाळवी, आणि वाळवी असेल तर प्रश्न फर्निचरचा नसून घराचा आहे. ती भिंतीतून येते.

जुनी भोकं दिसली म्हणून घाबरू नका, कीड कधीच मरून गेलेली असू शकते. वस्तूखाली काळा कागद अंथरा, आठवडाभर हलवू नका. कागदावर ताजी पांढरट भुकटी पडली तर कीड जिवंत.

घुण बहुतेक वेळा लाकडाच्या कच्च्या, फिकट भागात असतो. सालीलगतचा तो पांढुरका पट्टा. सागाचा आतला पक्का भाग तो सहसा सोडतो. म्हणून जिथे जमेल तिथे औषधाच्या आधी करवत: कच्चा पट्टा कापूनच टाका. उरलेल्यासाठी एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. ब्रशने दोन-तीनदा लावा, भोकांत सिरिंजने सोडा. हे फक्त उघड्या लाकडात मुरतं, रंग-पॉलिशवर लावलं तर वाहून जातं. मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका.

मे महिन्यात आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ऊन. बारीक तुकडे, पट्ट्या काळ्या प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून गच्चीवर ठेवायच्या. निर्यातीच्या पॅलेटसाठी गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं टिकायला हवं असा नियम आहे, तोच मापदंड धरा. एका जाड तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून बघा, अंदाजाने सोडू नका. जोडलेली खुर्ची किंवा जाड तुळई अशी तापवू नका, तडकते.

## ५. लाकडाला घरात राहू द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण या टप्प्यात करण्यासारखं काहीच नसतं. लाकूड आणलं, खिळे काढले, कापून घेतलं, आता आठवडे थांबायचं.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत फरक नगण्य पडतो, पण रुंदीत पडतो. दोन फूट रुंद सागवानाची फळी नागपूरच्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार-सहा मिलिमीटर तरी हलते. आणि आपल्याकडे एक जास्तीची भानगड आहे, कूलर. बाहेर ४५ अंश आणि कोरडं, कूलरच्या खोलीत दमट. गच्चीवर वाळवलेलं लाकूड कूलरसमोर नेऊन जोडलं, आणि कूलर बंद झाल्यावर ते आकसलं, हे मी स्वतःच्या चहाच्या टेबलावर अनुभवलंय. ऑक्टोबरमध्ये वरच्या दोन फळ्यांच्या मधून नाणं आत जात होतं.

म्हणून वस्तू शेवटी जिथे राहणार त्याच खोलीत लाकूड ठेवा. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे सगळीकडून हवा खेळेल. कूलरच्या झोतात नको, खिडकीच्या उन्हात नको. एक इंच जाड जुन्या फळ्यांना तीन-चार आठवडे, चौकटीसारख्या जाड मालाला दोन-अडीच महिने.

ओल मोजायचं मीटर मिळतं. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असेल तर कामाला घ्या. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. एक तुकडा निवडा, त्यावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहा, दर चार दिवसांनी पुन्हा. सलग तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड त्या खोलीत रुळलं. माझ्याकडे एक सागवानी तुकडा आहे, त्यावर पंधरा वजनं लिहिलेली आहेत, कारण मध्येच पाऊस सुरू झाला.

शक्य असेल तर सांधेजोड आणि पॉलिशचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा. तेव्हाची हवा दोन्ही टोकांच्या मधली असते.

सावधान: पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर किंवा दार ऑगस्टमध्ये रंधू नका. आता बरोबर बसेल, मेमध्ये खडखडेल. कडांना मेणबत्ती घासून दिवस काढा. ऑक्टोबरनंतरही अडकलं तर मग रंधा.

## ६. सांधे सोडवणं

खुर्चीच्या आडव्या पट्टीचं टोक बारीक करून ते पायातल्या खाचेत बसवलेलं असतं. त्या बारीक टोकाला आमच्याकडचे मिस्त्री चूल म्हणतात. खुर्ची हलते म्हणजे बहुतेक वेळा चूल खाचेत सैल झालेली असते, कारण आतला डिंक मेलेला असतो.

काही सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून आकडा टाका: पायावर १, पट्टीवर १. पट्ट्या दिसायला सारख्या असतात पण अदलाबदल झाली की खुर्ची पिळते. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.

मग आडवी खुंटी किंवा खिळा शोधा. खाचेच्या बाहेरच्या बाजूला लहान गोल ठिपका दिसला तर आत लाकडी खुंटी आहे, ती आधी ड्रिलने काढायची. मागच्या दुरुस्तीवाल्याने खिळा मारला असेल तर तो काढा. हे न बघता ठोकलं की चूल मोडते. मोडली की काम दुप्पट.

आता मोगरीने ठोका, पण थेट लाकडावर कधीच नाही. मध्ये लाकडाचा ठोकळा, त्याखाली जुन्या चादरीची घडी. सांध्याच्या अगदी जवळ, सरळ रेषेत. निघत नसेल तर जोर वाढवू नका, गरम पाणी घ्या. जुन्या फर्निचरमध्ये सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक असतो. तो गरम पाण्याने, वाफेने मऊ पडतो. सिरिंजने सांध्यात थोडं थोडं गरम पाणी सोडा आणि दहा मिनिटं थांबा. पांढरा फेव्हिकॉल असेल तर गरम व्हिनेगर जास्त उपयोगी. तोही हट्टी असतो, दोन-तीनदा करावं लागतं.

घट्ट असलेला सांधा उगाच सोडू नका.

सांधा निघाला की जुना डिंक पूर्ण खरवडा, उघडं लाकूड दिसेपर्यंत. ही पायरी ज्यांनी गाळली त्यांची खुर्ची सहा महिन्यांत परत आली. वाळलेल्या डिंकावर नवा डिंक धरत नाही. तो लाकडात मुरतो म्हणून धरतो, आणि जुन्या थराने लाकडाची तोंडं बंद केलेली असतात. पाव इंची पटाशी रंध्यासारखी आडवी धरून खरवडा, चूल कापू नका. खाचेच्या तळाशी साचलेला गोळाही काढा, नाहीतर चूल पूर्ण आत जाणार नाही.

तपासा: खरवडलेल्या जागेवर पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरून मुरला तर लाकूड उघडं आहे. मण्यासारखा उभा राहिला तर डिंक अजून आहे.

## ७. कोरडी जुळणी, मग डिंक

डिंक न लावता सगळी खुर्ची एकदा जोडून बघायची. चूल हाताच्या जोराने, थोडं रेटून आत गेली पाहिजे. आपल्याच वजनाने सरकली तर सैल, मोगरीने दणादण ठोकावी लागली तर खाच फाटेल.

सैल चुलीवर भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरायची पद्धत आहे. तो लगदा भेग झाकतो, वजन पेलत नाही. त्याऐवजी त्याच जातीच्या लाकडावरून रंध्याची पातळ, सलग ढलपी काढा आणि चुलीच्या दोन्ही गालांना सारखी चिकटवा. रात्रभर वाळू द्या, मग पटाशीने हळूहळू तासून बसवा. एकाच गालाला लावली तर पट्टी तिरकी होते.

चूल मोडली असेल तर तुटका भाग सपाट कापा, पट्टीच्या टोकातही खाच करा, आणि दोन्ही खाचांत बसेल असा स्वतंत्र तुकडा तासून घ्या. रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आडव्या नको. आडव्या रेषांचा तुकडा बोटाने मोडतो.

डिंक लावायच्या आधी सगळं हाताशी घ्या, क्लॅम्प उघडून ठेवा. उन्हाळ्यात फेव्हिकॉलवर चार-पाच मिनिटांतच साय धरते, म्हणून सकाळी लवकर, पंखा बंद करून. एका दमात सगळी खुर्ची जोडायची नाही. पहिल्या दिवशी पाठीची चौकट, दुसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय, तिसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्या घालून दोन्ही जोडायचं.

डिंक खाचेच्या भिंतींना आणि चुलीला, दोन्हीकडे पातळ थर. तळाशी ओतू नका. तो जागा अडवतो आणि चूल आत जात नाही.

क्लॅम्प महाग वाटत असतील तर सायकल दुरुस्तीवाल्याकडून जुनी ट्यूब आणा, इंचभर रुंद लांब पट्ट्या कापा आणि ताणून गुंडाळा. पिळदार पायांवर जिथे क्लॅम्प घसरतो तिथे ट्यूब अप्रतिम धरते. चारही पायांना एकदम आवळायला सुती दोरीचा दुहेरी फास घाला आणि मध्ये काठी घालून पीळ द्या. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरी रुतते.

तपासा: डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण दोरीने मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब द्या. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने पुसा. फडकं दर वेळी धुवा, नाहीतर तोच डिंक सगळीकडे पसरतो आणि पॉलिशखाली फिके डाग पडतात.

चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

## ८. डगमगणारे पाय

लोक इथे एक पाय थोडा कापतात, मग दुसरा, मग परत पहिला, आणि शेवटी खुर्चीचा पाट होतो. सांधे पक्के झाल्याशिवाय पायांना करवत लावायचीच नाही. निम्म्या खुर्च्यांचं डगमगणं कर्ण दुरुस्त झाल्यावर आपोआप जातं.

तरीही डगमगली तर घरातली सगळ्यात सपाट जागा शोधा, बहुधा स्वयंपाकघराचा ओटा. अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून खुर्ची स्थिर करा. आता सर्वांत मोठी फट जेवढी, तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा घ्या. तो ओट्यावर सपाट ठेवून त्यावर पेन्सिल टेकवा आणि चारही पायांभोवती रेघ फिरवा. रेघेवर कापा. एकदाच.

सावधान: हातातल्या ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. दुकानात ते पातं मिळतं म्हणून ते त्या मशीनसाठी आहे असं नाही. पातं लाकडात अडकलं की मशीन झटक्याने अंगावर येतं. पाय कापायला हातकरवत पुरते.

## ९. घासणं

आता कुठे पॉलिश पेपर हातात घ्यायचा. आधी कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर जुनं पॉलिश लाखेचं, म्हणजे चपडीचं आहे. ते स्पिरिट आणि फडक्याने उतरतं, घासायची गरज जवळपास नाही. थिनरने विरघळलं तर लॅकर. कशालाच दाद देत नसेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट.

पेपरचे आकडे ८०, १२०, १८०, २२० असे चढते. मधला गाळला तर आधीच्या रेघा राहतात आणि पॉलिश मारल्यावरच दिसतात. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. १८० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतात, ते २२० ने उतरवा. भेगा आणि भोकं भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, याच्या आधी, आणि रुंद फळीच्या उन्हाळी भेगा तर भरूच नका. पावसाळ्यात फळी फुगते, भरलेला कडक गोळा जागा देत नाही, आणि फळी दुसरीकडे फाटते.

सागवानाच्या भुश्याने काहींच्या अंगावर पुरळ येतं, नाक चोंदतं. एन-९५ मास्क लावा, नुसता रुमाल पुरत नाही.

## १०. पॉलिश

लिटरभर स्पिरिटात २०० ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, सकाळी सुती कापडातून गाळा. कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून पातळ हात मारा, सहा-सात. दोन हातांत तासाभराचं अंतर, मध्ये ३२० च्या पेपरने हलकं घासणं. जाड दोन हात मारायचा मोह आवरा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवाजवळची समई दोन्ही बंद.

जुलै-ऑगस्टमध्ये चपडी लावली तर हवेतली ओल अडकून पांढरट ढग येतो. चहाचा गरम कप ठेवला तरी गोल पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला पीयू बरं. खुर्ची, देव्हारा, कपाट यांना चपडीच. नंतर दुरुस्त करणं सोपं असतं, एवढं एकच कारण मला पुरतं.

तेल लावायचं तर जवसाचं, पण 'बॉइल्ड' लिहिलेलं, रंगाच्या दुकानातलं. घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं आणि तोवर धूळ धरतं. शेंगदाण्याचं किंवा गोडं तेल कधीच वाळत नाही, खवट होतं. हात मारल्यावर पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्या. चिकट टेबल म्हणजे न पुसलेलं तेल.

सावधान: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा केलेलं फडकं काडी न लावता पेटू शकतं, आपल्या मे महिन्यात तर नक्कीच लक्ष ठेवा. ती गच्चीवर एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, आणि मगच कचऱ्यात टाका.

वेत विणायची खुर्ची असेल तर पॉलिश पक्कं वाळल्यावर, निदान आठवड्याने ती विणणाऱ्याकडे द्या. वेत ओला करून विणतात, आणि ताज्या चपडीवर ते पाणी ठिबकलं की परत पहिल्यापासून बोळा घ्यावा लागतो.